सरकारी गाड्या : इंधन, आयुष्य आणि बदली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न विचारणारे लोक दोन प्रकारचे आहेत. एक, कार्यालयात बसून गाडीची फाइल सांभाळणारे : आस्थापना शाखेतले लिपिक, भांडारपाल, चालक. दुसरे, रस्त्यावरून तीच गाडी धूर सोडत जाताना पाहणारे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकत्र लिहिले आहेत. नियम केंद्राचे आहेत आणि जिथे राज्याचा विषय आहे तिथे महाराष्ट्र धरला आहे.

१. सरकारी गाडी नेमकी कोणती? दारावर ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलं की झालं?

नाही. दारावर काय लिहिलंय याला काही अर्थ नाही, आरसी बुकात मालक कोण आहे ते बघायचं. केंद्र आणि राज्य शासनाचे विभाग, महानगरपालिका, नगरपालिका, पंचायती, एसटीसारखे परिवहन उपक्रम, सार्वजनिक कंपन्या आणि सरकारी नियंत्रणाखालच्या स्वायत्त संस्था यांच्या मालकीची गाडी ती सरकारी. आज अनेक साहेब ज्या गाडीत बसतात ती ठेकेदाराची असते. तिला पिवळी पाटी असायला हवी आणि तिचा मालक खासगी असतो. खाली जे १५ वर्षांचं प्रकरण आहे ते अशा भाड्याच्या गाडीला लागत नाही.

२. १५ वर्षांचा नियम नक्की काय आहे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेने ५२-अ हा नियम घातला गेला. तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षं पूर्ण झाली की सरकारी गाडीची नोंदणी संपते आणि तिचं नूतनीकरण होत नाही. गाडी चांगली आहे, नुकतंच इंजिनकाम केलंय, चालक जिवापाड जपतो, यातलं काहीही चालत नाही. त्यानंतर ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जायला हवी (प्रश्न १५).

३. माझ्या खासगी गाडीलाही हाच नियम आहे का? व्हॉट्सअ‍ॅपवर तसं फिरतंय.

नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण तपासणीत पास झाली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. फी मात्र एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रातलं १० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल हे प्रकरण न्यायालयीन आदेशांतून आलेलं आहे. त्याचा महाराष्ट्रातल्या गाडीशी संबंध नाही.

४. आमच्या गाडीचं नूतनीकरण २०२२ मध्येच झालंय, आरसीवर २०२७ लिहिलंय. मग तोपर्यंत चालेल ना?

नाही चालणार. सगळ्यात जास्त फाइली इथेच अडकतात. नियमातच लिहिलंय की आधी नूतनीकरण झालेलं असलं तरी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं झाली की ती नोंदणी रद्द समजायची. छापील तारखेवर विसंबून लॉगबुक (गाडीच्या रोजच्या फेऱ्यांची नोंदवही) भरत बसलात तर रोज एक बेकायदा फेरी नोंदवत आहात, तीही स्वतःच्या सहीने.

५. सूट कोणाला आहे? अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका सुटतात का?

सूट आहे ती देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांच्या प्रत्यक्ष कामासाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांना, म्हणजे चिलखती आणि तत्सम गाड्यांना. पोलीस खात्याची प्रत्येक जीप आपोआप सुटते असा याचा अर्थ काढू नका. गाडी ‘विशेष’ असायला हवी आणि कामही तेच असायला हवं.

बंब आणि रुग्णवाहिका या शब्दांत बसत नाहीत. रुग्णवाहिकेबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, कारण ती इतकी पळते की १५ वर्षांच्या आधीच खिळखिळी होते. बंबाचं दुखणं वेगळं आहे. छोट्या नगरपालिकेचा बंब १५ वर्षांत जेमतेम काही हजार किलोमीटर चालतो. त्याचा खरा वापर उभ्याउभ्या होतो, पंप चालवण्यासाठी. चेसिस ठणठणीत, पंप दाब देतोय आणि कागदावर गाडी मेलेली. वयाऐवजी पंपाच्या तासांवर निकष लावला असता तर ते शहाणपणाचं झालं असतं. पण आज नियम वयाचा आहे, आणि बंब बांधून घ्यायला वेळ लागतो. म्हणून नगरपालिकेने मुदत संपण्याच्या किमान दोन वर्षं आधी नव्या बंबाचा प्रस्ताव टाकायला हवा.

६. १५ वर्षं होण्याआधी गाडी बदलता येते का?

येते, आणि बहुतेक वेळा बदलायलाच हवी. त्यासाठी निर्लेखन करावं लागतं, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेल्याचं ठरवून दप्तरातून कमी करणं. १५ वर्षं ही वरची मर्यादा आहे, त्याखाली निर्लेखनाचे निकष वेगळे असतात. ते वर्षं आणि किलोमीटर अशा दोन्हींवर बांधलेले असतात. केंद्राच्या जुन्या निकषांत हलक्या गाडीसाठी साडेसहा वर्षं आणि दीड लाख किलोमीटर, यातलं जे नंतर येईल ते, असं होतं. ‘जे नंतर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कमी फिरणारी गाडी या हिशेबाने वर्षानुवर्षं निकषात बसत नाही आणि एक दिवस थेट १५ व्या वर्षाच्या भिंतीवर आदळते.

७. सीएनजी किट बसवलं, इंजिन बदललं किंवा गाडी दुसऱ्या खात्याकडे वर्ग केली, तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं का?

तिन्हींचं उत्तर नाही. तारीख पहिल्या नोंदणीची धरली जाते. जिल्हा परिषदेची गाडी पंचायत समितीला दिली तरी तिचं वय तिच्यासोबतच जातं. जुन्या डिझेल गाडीचं इंजिन काढून तिच्यात इलेक्ट्रिक संच बसवण्याचे प्रस्तावही येतात. बारा वर्षांच्या गाडीवर असा खर्च केला तर तो तीन वर्षांत भंगारात जाणार आहे, एवढं टिपणीत स्पष्ट लिहा.

८. सरकारी ताफा अजून डिझेलवरच का आहे?

सवय, आणि काही अंशी खरी गरज. एकेकाळी डिझेल खूप स्वस्त होतं, घाटरस्त्याला जोर लागायचा, आणि तालुक्याच्या ठिकाणी दुसरं काही मिळत नसे. त्यातून ‘सरकारी गाडी म्हणजे डिझेलची जीप’ हे समीकरण पक्कं झालं. किमतीतला तो मोठा फरक आता उरलेला नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या आतल्या भागात आजही डिझेलला पर्याय शोधणं अवघड आहे. पण जिल्ह्याच्या शहरात घर, कार्यालय, बैठक, घर एवढंच करणाऱ्या गाडीला डिझेल का, याचं उत्तर मला कोणत्याच फाइलीत सापडलेलं नाही.

९. नवीन डिझेल गाडीत सारखा फिल्टरचा दिवा लागतो. गाडी खराब आहे का?

बहुधा नाही. गाडीचा वापर चुकीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर आला. ती काजळी जाळायला धुराडं चांगलं तापावं लागतं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धाव हवी. साहेब आत बैठकीत, गाडी बाहेर एसी लावून तासभर चालू, मग दोन किलोमीटर घरी : या दिनक्रमात फिल्टर साफ होतच नाही. दिवा लागल्यावर चालकाने मोकळ्या रस्त्यावर गाडी फिरवून आणणं हा उपाय आहे, पण लॉगबुकात त्या फेरीचं ‘प्रयोजन’ काय लिहायचं म्हणून तो टाळतो. कार्यालयप्रमुखाने तसा एक ओळीचा आदेश काढून ठेवला तर हजारोंची दुरुस्ती वाचते.

१०. आमची जुनी पेट्रोल गाडी २० टक्के इथेनॉलवर चालेल का?

चालेल, पण मायलेज थोडं कमी होईल. इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होण्याची शक्यता असते, ते सर्व्हिसिंगला तपासून घ्या. सरकारी गाड्यांत खरी अडचण उभं राहण्याची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्‌महिने शेडमध्ये पडून असलेल्या गाडीच्या टाकीत जुनं इंधन तसंच ठेवू नका.

११. सीएनजी घ्यावं का?

शहरात पंप जवळ असेल आणि रांग नसेल तर घ्यावं. पुण्या-मुंबईच्या बसगाड्यांनी ते वर्षानुवर्षं चालवून दाखवलंय. दोन गोष्टी मात्र विसरल्या जातात. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र फाइलीत असावं लागतं. दुसरं, रांगेत गेलेला चालकाचा वेळ कोणीच खर्चात धरत नाही.

१२. आता फक्त इलेक्ट्रिक गाडीच घ्यावी लागते, हे खरं का?

महाराष्ट्राच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात शासनाच्या नव्या गाड्या एप्रिल २०२२ पासून इलेक्ट्रिक असाव्यात असं होतं. पुढे ती तारीख १ जानेवारी २०२२ वर अलीकडे आणल्याचं जाहीर झालं, आणि त्यात खरेदीच्या व भाड्याच्या अशा दोन्ही गाड्या होत्या. प्रत्यक्षात डिझेलची खरेदी थांबली नाही, हे कोणत्याही कार्यालयाच्या आवारात उभं राहिलं की दिसतं. मे २०२५ मध्ये नवं धोरण आलं, ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कार आणि बसना पथकरमाफी दिली आहे. तुमच्या प्रस्तावासाठी मात्र वित्त विभागाचा चालू शासन निर्णय हाच आधार धरा, वर्तमानपत्राचं कात्रण नव्हे.

१३. एका चार्जमध्ये दौरा पूर्ण होईल का? साहेब ‘मध्येच बंद पडेल’ म्हणतात.

या पानावरचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर गाडीच्या माहितीपत्रकात नसून तुमच्याच कपाटात आहे. मागच्या वर्षाचं लॉगबुक काढा. प्रत्येक दिवसाचं एकूण अंतर एका रकान्यात लिहा आणि मोठ्यापासून लहान असं लावा. मग तीन गोष्टी दिसतील. बहुतेक दिवस गाडी किती चालते, वर्षातून किती दिवस ती खूप लांब जाते, आणि त्या लांबच्या दिवसांचं कारण काय होतं. विभागीय आयुक्तांची बैठक, न्यायालयाची तारीख, अधिवेशन : ही कारणं बहुधा आधीच ठाऊक असतात. त्या दिवसांसाठी भाड्याची गाडी घेता येते. मोजक्या दिवसांसाठी वर्षभर डिझेल पोसण्याची गरज नाही.

खर्चाचाही हिशेब करा. समजा महिन्याला १,५०० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या डिझेल गाडीला १२५ लिटर लागतं. युनिटला ७ किलोमीटर देणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीला सुमारे २१५ युनिट लागतात. तुमच्याकडचे दर घालून गुणाकार करा. महिन्याला ४०० किलोमीटरच चालणारी गाडी असेल तर बचत इतकी किरकोळ निघते की जास्तीची किंमत भरून निघत नाही. अशा कार्यालयाला मुळात स्वतःची गाडी हवी का, हाच प्रश्न आधी विचारा.

आणि हो, उलटंही घडतं. पूर, निवडणूक, टंचाई अशा काळात महसूल खात्याची गाडी दिवसरात्र फिरते आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते. पूरप्रवण तालुक्यात तहसीलदारांची गाडी इलेक्ट्रिक करण्याचा आग्रह मी धरणार नाही.

१४. मागे केंद्राने हजारो ई-कार घेतल्या होत्या, त्यांचं काय झालं?

ईईएसएल या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये १०,००० ई-कारची निविदा काढली. खात्यांना त्या भाड्याने द्यायच्या होत्या. टिगोर आणि ई-व्हेरिटो या गाड्या आल्या, पण दहा हजारांचा आकडा काही गाठला गेला नाही. तेव्हा त्या गाड्यांचा प्रमाणित पल्ला दीडशे किलोमीटरच्या आत होता, एसी लावल्यावर आणखी कमी, आणि चार्जिंगची सोय तुटपुंजी. आजच्या गाड्यांचा पल्ला बराच वाढला आहे. तरी त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : आवारात चार्जर आणि वाढीव वीजभार मंजूर झाल्याशिवाय गाडीची मागणी नोंदवू नका. गाडी आधी येते, मीटर नंतर, आणि मधले काही महिने ती झाकून उभी असते.

१५. मुदत संपलेल्या गाडीचं पुढे काय करायचं?

आवारात उभी ठेवून गवत वाढू द्यायचं नाही, एवढं पहिलं. मोटार वाहन (वाहन भंगार केंद्राची नोंदणी आणि कार्ये) नियम, २०२१ प्रमाणे गाडी नोंदणीकृत केंद्रालाच द्यावी लागते. सरकारी गाड्यांचा लिलाव एमएसटीसी (लिलाव करणारी सरकारी कंपनी) किंवा जेम (सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार) यांच्या पोर्टलवर होतो आणि बोली अशी केंद्रंच लावू शकतात. केंद्र गाडी चोरीची नाही ना हे तपासतं, जमा केल्याचं प्रमाणपत्र देतं, चेसिसचा क्रमांक असलेला तुकडा कापून सहा महिने जपून ठेवतं, आणि शेवटी भंगार केल्याचं प्रमाणपत्र देतं. ही दोन्ही प्रमाणपत्रं आल्यावरच आरटीओत नोंदणी कायमची रद्द होते. दुसऱ्या प्रमाणपत्राचा पाठपुरावा बरेच जण करत नाहीत, मग दहा वर्षांनी लेखापरीक्षणात ‘वाहन आढळून आले नाही’ असा आक्षेप येतो.

एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे पर्यावरण नियमही लागू आहेत. त्यानुसार गाडी १८० दिवसांत केंद्रात जमा व्हायला हवी. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांखाली येते. ती उघड्या लिलावात भंगारवाल्याला विकता येत नाही.

१६. अशी एखादी जुनी जीप मला लिलावात मिळेल का? अ‍ॅम्बॅसिडर असेल तर फारच छान.

१५ वर्षांपुढची नाही मिळणार, कारण प्रश्न १५ मध्ये सांगितलंय. अ‍ॅम्बॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे सरकारी ताफ्यातल्या शेवटच्या गाड्यांचीही मुदत साधारण २०२९ ला संपेल. हौस असेल तर आधीपासून खासगी मालकीत असलेली शोधा.

१७. एसटी आणि शहर बसगाड्यांनाही हेच लागू आहे का?

महामंडळाच्या स्वतःच्या बसला हो, भाड्याच्या बसला नाही. नव्या ई-बसपैकी बहुतेक ‘प्रति किलोमीटर’ ठेक्यावर येतात. बस आणि चालक ठेकेदाराचे, वाहक आणि तिकिटाचा पैसा उपक्रमाचा, आणि ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरमागे ठरलेली रक्कम. केंद्राची २०२३ ची पीएम-ईबस सेवा याच पद्धतीवर आहे : १०,००० बस आणि दहा वर्षांचं सहाय्य. एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही ई-बस सोडली. १९४८ मध्ये पहिली एसटीही याच मार्गावर धावली होती. पुढे ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा करार झाला, पण पुरवठा इतका रखडला की तो वादाचा विषय झाला.

ठेक्याच्या पद्धतीत बदलीची चिंता उपक्रमाच्या डोक्यावरून जाते हे खरं. पण ठेकेदाराने बस दिल्याच नाहीत तर जुन्या बस मुदत संपून निघून जातात आणि गावाची फेरी बंद होते. म्हणून स्वतःच्या थोड्या बस हाताशी असाव्यात, या मताचा मी आहे.

१८. हायड्रोजनची वाट पाहावी का?

कार्यालयाच्या गाडीसाठी अजिबात नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्राने देशभरात मिळून ३७ बस-ट्रकचा प्रायोगिक कार्यक्रम मंजूर केला, त्यातला एक मार्ग पुणे-मुंबई आहे. सध्या ते प्रयोगापुरतंच आहे.

१९. नवी गाडी कितीपर्यंतची घेता येते?

पदानुसार मर्यादा ठरते. राज्याच्या वित्त विभागाने सप्टेंबर २०२५ मध्ये ती वाढवली. मंत्री आणि मुख्य सचिव यांच्यासाठी ३० लाख रुपये, खाली पदाप्रमाणे कमी. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यास २० टक्के जास्त किमतीची मुभा आहे. मंजुरी वाहन आढावा समितीमार्फत होते, खरेदी जेमवरून. जुनी गाडी निर्लेखित झाल्याचा कागद जोडला नसेल तर प्रस्ताव परत येतो, त्यामुळे प्रश्न ६ आणि १५ ची कामं आधी उरका.

२०. मुदत संपलेल्या सरकारी गाडीने अपघात केला तर जबाबदार कोण?

अनेकांना वाटतं की सरकारी गाडीला विमा लागत नाही, म्हणजे जबाबदारीही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये केंद्र आणि राज्य शासनाच्या बिगर-व्यापारी गाड्यांना विम्यातून सूट आहे हे खरं आहे. पण नुकसानभरपाई तेव्हा थेट शासनाने द्यायची असते. न्यायाधिकरणात दावा दाखल करता येतो. शिवाय नोंदणी नसलेली गाडी चालवणं हा कलम १९२ खाली गुन्हा आहे : पहिल्यांदा २,००० ते ५,००० रुपये दंड. चालकांना एवढंच सांगणं : साहेबांनी तोंडी ‘काढ गाडी’ म्हटलं तरी अशा गाडीसाठी लेखी आदेश मागा.

२१. आमच्या गावात येणारी सरकारी जीप फार जुनी वाटते. कसं तपासू?

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख आणि वैधता दिसते. तारखेत १५ वर्षं मिळवा. वैधता त्यापुढची दिसत असली तर प्रश्न ४ पुन्हा वाचा. आणखी खोलात जायचं असेल तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. ‘सर्व गाड्यांची सर्व माहिती’ असं लिहिलंत तर उत्तर टाळायला जागा मिळते. गाडीचा क्रमांक, पहिल्या नोंदणीची तारीख, गेल्या वर्षाच्या लॉगबुकाची प्रत, इंधन व दुरुस्तीचा खर्च आणि निर्लेखन प्रस्तावाची सद्यःस्थिती, एवढंच मागा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, ते न आल्यास पहिलं अपील करा.